ताई शेवट आणायची

माझं पोट संशयावर चालतं. मी विमा कंपनीत दावे तपासते. पाय मोडला म्हणून आठ दिवस दवाखान्यात पडून असलेला माणूस घरी जातानाच्या फोटोत स्वतःची बॅग स्वतः उचलून उभा असला, की सगळ्यात आधी ती बॅग मला दिसते. ऑफिसात एखादी फाइल माझ्या टेबलावर आली की बाकीचे म्हणतात, ‘गेली बिचारी.’ मला याचा अभिमान आहे, उगाच खोटा नम्रपणा कशाला! म्हणूनच, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने लहानपणी दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्या तोंडावर थापा मारल्या आणि मला त्या वीस वर्षं कळल्या नाहीत, हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी माझं डोकंच सटकलं.

झालं असं, की आमच्या लहानपणचं एक कार्टून कुणीतरी इंटरनेटवर टाकलं. त्यात एक लंगडा कोल्हा असतो. तो गावोगाव फिरून बिघडलेली घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या टोपीत एक चिमणी राहते, ती तिच्या हरवलेल्या आईला शोधत असते. हिंदीत डब केलेलं, रंग विटलेले, मधूनच चित्र थरथरायचं. पण ते सुरुवातीचं संगीत वाजलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी चौथी-पाचवीत असताना हे रोज संध्याकाळी साडेपाचला लागायचं.

रविवार होता. मी माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकीला मांडीवर घेतलं आणि टीव्हीवर पहिला भाग लावला. तिला ही सगळी मंडळी ओळखीची होती. घास भरवताना मी तिला कोल्हा-चिमणीच्याच गोष्टी सांगत आले होते. या भागात एका गावातलं चौकातलं मोठं घड्याळ बंद पडलेलं असतं. कोल्हा ते चालू करतो, गाव टाळ्यांचा कडकडाट करतं आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचतं. मला पाठ होतं ते.

पडद्यावर गावाने ताटं आणि डबे बडवत कोल्ह्याला वेशीबाहेर हाकलून दिलं. घड्याळ चालू झाल्यावर गावच्या मुखियाची लबाडी उघडी पडली होती, म्हणून. एक दगड चिमणीच्या पंखाला लागला. मग नावं वर सरकू लागली.

लेकीचा ओठ थरथरायला लागला. ‘तू म्हणाली होतीस त्याला खांद्यावर घेतात!’

‘घेतात गं. तो भाग वेगळा असेल.’

‘हाच आहे! घड्याळाचा! तू खोटारडी आहेस!’

मला कुणी खोटारडी म्हणावं, आणि तेही माझ्या घरात! मी लगेच दुसरा भाग लावला. यात शेवटी घंटा वाजते आणि शाळा सुटून सगळी पिल्लं घरी जातात. घंटा वाजली, पण ती आग लागल्याची होती. तिसऱ्या भागात म्हातारी अस्वलीण हुंदके देत रडते, कारण तिचा मुलगा परत आलेला असतो. ती रडली खरी, पण तिचा मुलगा काही आलाच नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत मी सात भाग पाहिले. सातही शेवट चुकीचे. लेक कंटाळून खेळायला निघून गेली आणि मी एकटी रिमोट घेऊन बसून राहिले.

ते चुकीचे शेवट माझ्या डोक्यात कुठून आले, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते ताईने आणलेले होते.

त्या वर्षांत भारनियमन होतं. आम्ही नाशिकला, आता मी राहते त्याच इंदिरानगरात राहायचो, भाड्याच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत. रस्त्याच्या अलीकडे आमच्या इमारतींची लाइन वेगळी आणि पलीकडच्या बंगल्यांची वेगळी. आमची वीज पावणेसहाला जायची, पलीकडची राहायची. म्हणजे कार्टून सुरू व्हायचं, गोष्ट रंगात यायची आणि टीव्ही फट्‌ करून बंद. मग मी घर डोक्यावर घ्यायचे. जमिनीवर लोळायचे, हाताला येईल ते फेकायचे. एकदा दुधाची वाटी भिंतीवर भिरकावली होती, तो डाग आम्ही ती जागा सोडेपर्यंत तिथेच होता. माझा राग तेव्हापासूनचा आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती तेव्हा दहावीत होती, मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास करायची. एक दिवस माझ्या बोंबलण्याला वैतागून तिने वही मिटली आणि म्हणाली, ‘गप्प बस. मी जाऊन शेवट आणते.’ पलीकडच्या एका बंगल्यात तिच्या वर्गातली मुलगी राहायची. ताई चपला अडकवून पळत गेली आणि सहा वाजून पाच मिनिटांनी परत आली. मी अंधारात मांडी घालून बसले होते.

‘आणलास?’

‘आणला.’

आणि मग ती तो करून दाखवायची. कोल्ह्यासारखी लंगडायची, टाळ्या वाजवायची, अस्वलिणीसारखी नाक ओढायची. त्या दिवसापासून रोजचं ठरूनच गेलं. वीज गेली की मी रडत नसे, नुसतं ताईकडे बघायचे आणि ती उठायची. शाळेत मैत्रिणी काही वेगळं सांगू लागल्या तर मी त्यांनाच खोटं पाडायचे. माझी ताई बघून आली आहे, म्हणायचे.

तर त्या रविवारी मी ताईला फोन लावला. ताई मनमाडला असते. दाजी रेल्वेत आहेत, ते रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात, ताई तिथल्याच एका शाळेत शिकवते.

‘ताई, त्या लंगड्या कोल्ह्याला गावाने हाकलून दिलं होतं.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती हसली. ‘अगं बये, कोणता कोल्हा? वीस वर्षं झाली, मला काय आठवतंय!’

हसू एक क्षण उशिरा आलं होतं. माझ्या कामात त्या क्षणाला किंमत असते. मी म्हटलं, ‘आईला दे.’

‘आई झोपलीये.’

मी घड्याळात पाहिलं. दुपारचे बारा वाजायला आले होते. माझी आई अंगात ताप असतानासुद्धा त्या वेळेला कधी आडवी झालेली मी पाहिलेली नाही.

इथे आईचं सांगायला हवं. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच, इंदिरानगरला होती. पाच महिन्यांपूर्वी ‘ताईकडे पंधरा दिवस जाऊन येते’ म्हणून मनमाडला गेली ती आलीच नाही. आधी म्हणे ताईच्या कुरडया-पापड करायचे होते. मग ताईच्या शाळेच्या परीक्षा आल्या. मग आईचे गुडघे दुखायला लागले. आणि परवा परवा तर, ‘तिला इथली हवा मानवते.’ मनमाडची हवा! जिथे नळाला पाणी यायची वाट बघण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं, तिथे हवा खायला कोण जातं हो? मी व्हिडिओ कॉल लावला की ताई तो कापायची आणि साधा फोन करायची. ‘रेंज नाही गं.’ साध्या फोनला रेंज, तोंड दाखवायला नाही.

आई रुसून गेली आहे, अशी माझी आधी समजूत होती. कारणही झालं होतं. माझं लहानपणचं एक चित्रांचं पुस्तक आईने जपून ठेवलं होतं, जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून. हत्ती डॉक्टरची गोष्ट. रोज संध्याकाळी आई ते नातीला वाचून दाखवायची. एक दिवस लेक माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ‘आजी चुकीचं वाचते. चित्रात हत्ती आहे आणि आजी कावळ्याचंच वाचते.’ मी लॅपटॉपवर होते, तीन फाइली त्याच दिवशी द्यायच्या होत्या. मी बसल्या जागेवरून ओरडले, ‘आई, समोर लिहिलंय ते वाच ना! पोरीला चुकीचं कशाला शिकवतेस? लक्ष कुठे असतं गं तुझं हल्ली?’

आई म्हणाली, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल.’

‘मग दाखवून ये ना डॉक्टरला! पुस्तकाची कशाला वाट लावतेस?’

पुढच्याच आठवड्यात ती मनमाडला गेली. चार दिवस रुसेल आणि येईल, असं मी धरून चालले होते.

पण कोल्ह्याच्या प्रकरणानंतर मी सगळ्याकडे नव्याने बघायला लागले. जी बाई दहावीत असताना न चुकता रोज एक थाप मारू शकते, ती सदतिसाव्या वर्षी काय काय करत असेल! दिवसभर ताई शाळेत, दाजी ड्यूटीवर. घरात आयती बाई मिळाली स्वयंपाकपाण्याला. आईला बोलूच देत नाही म्हणजे बघा. हे सगळं मी नवऱ्याला पटवून देत होते आणि तो शांतपणे चहा पीत होता.

‘सरळ विचार ना त्यांना,’ तो म्हणाला.

‘सरळ विचारलं की माणसं सावध होतात.’

‘अगं, ती तुझी आई आहे. दावा नाही.’

त्याला काय कळतंय! कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते मला दिसत होतं. आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकू मला लिफ्टमध्ये भेटल्या.

‘आई आल्या वाटतं परत? मंगळवारी मुंबई नाक्याला दिसल्या.’

‘कुठे?’

‘मुंबई नाक्याला. थोरल्या मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. मी चांगली समोर जाऊन हात केला, हसले. त्यांनी बघितलं माझ्याकडे आणि तशाच पुढे गेल्या. ओळखसुद्धा दाखवली नाही बाई.’

मुंबई नाका माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी वर येऊन मोबाइल काढला. मंगळवारी दुपारी सव्वा वाजता मी ताईला फोन केला होता, आणि ताई म्हणाली होती, ‘आम्ही काय, घरीच. आई मेथी निवडत बसलीये.’ आता मला हेही आठवलं की तेव्हा मागे बसचा हॉर्न वाजला होता. नाशिकमध्ये येऊन, माझ्या दारावरून जाऊन, दोघी परत गेल्या. ओळखीचं माणूस दिसलं तर मान फिरवून गेल्या. म्हणजे आईसुद्धा सामील! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. राग होता, पण रागापेक्षा भीती जास्त होती, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आई मला सोडून गेली आहे, कायमची, आणि मला कुणी कळवायलाही तयार नाही, अशी ती भीती होती.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी लेकीला घेतलं आणि न कळवता मनमाडची एसटी पकडली. लेकीने हत्तीचं पुस्तक दप्तरात घातलं, आजीला द्यायचं म्हणून. मी नको म्हटलं तरी ऐकेना. चांदवडच्या पुढे ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी मनातल्या मनात प्रश्नांची यादी करत बसले. मंगळवारी कुठे होता? कोणाच्या सांगण्यावरून? आईचा फोन तिच्या हातात का देत नाही? अशा प्रश्नांपुढे भलेभले गडबडतात.

पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. ताईचं क्वार्टर तळमजल्यावर, बाहेरच्या बाजूला खिडकी आणि तिला अर्धा पडदा. आत दिवा होता. मी दार वाजवणार, तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला आणि माझा हात थांबला. लेकीला मी तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. चोरून ऐकणं वाईट, हे मलाही कळतं. पण कळतं म्हणून मी तिथून हलले नाही.

‘म्हातारीला काही पत्ताच नाहीये,’ ताई म्हणाली. ‘कागद पुढे सरकवलेत. आता पेन दिलं हातात.’

‘आणि धाकटी कुठेय?’ हा आईचा आवाज.

‘धाकटीला कोण विचारतंय! तिला कळेपर्यंत सगळं आटपलेलं असेल.’

‘करून टाकू दे मग सही,’ आई म्हणाली. ‘सुटेल एकदाची.’

कसले कागद, कसली सही, काही विचार करायला मी थांबलेच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून मी आत घुसले आणि ओरडले, ‘कसली सही घेतेयस तिची? मी जिवंत आहे अजून!’

ताईच्या मांडीवरची परात कलंडली आणि मटार घरभर झाले. समोर टीव्ही चालू होता. टीव्हीत भरजरी साडीतली एक म्हातारी हातात पेन धरून बसली होती आणि तिची सून दाराआडून हसत होती. मालिका चालू होती. आई कॉटवर उशीला टेकून बसली होती, पण तिचं तोंड टीव्हीकडे नव्हतं, जरा बाजूला, पंख्याच्या बटणांकडे होतं.

मी तोपर्यंत आईच्या कॉटजवळ जाऊन उभी राहिले होते. आई म्हणाली, ‘तू? अगं, मग ये ना. दारात काय उभी राहिलीस?’ आणि ती हसून दाराकडे बघत होती. दारात कुणीच नव्हतं.

मला जे समजलं ते पायांपासून वर चढलं. लेक पुढे झाली आणि तिने आईचा हात धरला. आईने तिच्या केसांवरून, गालावरून, नाकावरून बोटं फिरवली. ‘दात पडला वाटतं एक,’ ती म्हणाली. बोट तिने लेकीच्या ओठावर ठेवलं होतं.

ताईने टीव्हीचा आवाज कमी केला. ‘साखरेच्या आजाराने डोळ्यांचा पडदा गेलाय,’ ती म्हणाली. ‘डाव्याने नुसता उजेड कळतो. उजव्याच्या कडेने थोडंसं दिसतं. तेवढं तरी राहावं म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन असतं. नाशिकला.’

‘नाशिकला? माझ्या घरापासून दहा मिनिटांवर तिच्या डोळ्यात सुया टोचतायत आणि मला पत्ता नाही? कोण समजता तुम्ही मला?’

‘ओरड!’ ताई उठून उभी राहिली. ‘ओरड अजून! म्हणूनच नाही सांगितलं.’

‘मीच नको म्हटलं तिला,’ आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसा. ‘त्या दिवशी मला हत्ती दिसलाच नाही गं. पान नुसतं पांढरं दिसत होतं. कुठलं पान आहे तेही कळेना, म्हणून आठवेल ते सांगत होते पोरीला. तुला सांगणारच होते, तर तू ओरडलीस. मग म्हटलं, जाऊ दे.’

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अख्ख्या जगाच्या मोडलेल्या पायांचे फोटो भिंगातून बघणारी मी. माझ्या घरात माझी आई जाण्याआधीचे दोन महिने दारांना धडकत होती. भातात खडे येत होते, दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं तर ते उतू जात होतं, आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होते, लक्ष कुठे असतं तुझं! खालच्या काकूंना ओळख कशी दाखवणार होती ती? दिसल्याच नव्हत्या तिला.

आणि अशा वेळी माणसाने काय करावं? आईच्या पायाशी बसावं, रडावं, माफी मागावी. मी ताईवर ओरडले. ‘आणि तू! तू पहिल्यापासून खोटारडी! कोल्ह्याला हाकललं आणि मला सांगितलंस खांद्यावर घेतला! सात भाग बघितले मी, सातही खोटे!’

ताई माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली बसून मटार गोळा करायला लागली.

‘मला आत घेत नव्हते,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘त्या बंगल्यात. पहिले आठ दिवस घेतलं. मग तिची आई म्हणाली, रोज रोज काय गं दार वाजवतेस, तुमच्याकडे टीव्ही नाही का? मग मी त्यांच्या खिडकीखाली उभी राहायचे, कुंड्यांपाशी. दिसायचं काहीच नाही, नुसता आवाज यायचा. टाळ्या ऐकू आल्या की वाटायचं, चांगलं झालं असेल.’

‘टाळ्या नव्हत्या त्या. ताटं बडवत होते.’

‘हो का?’ ताईला खरंच नवल वाटलं. ‘मला टाळ्याच वाटल्या. रडण्याचा आवाज आला तर मात्र मी गोड करून आणायचे. रडका शेवट आणला असता तर तू वाटी फेकली असतीस. मला अभ्यास होता गं. दहावी होती माझी.’

दोन वर्षं. पावसात, थंडीत, लोकांच्या कुंड्यांपाशी उभी राहून. आणि मी काय केलं? आत्ता, तिच्या खिडकीखाली दोन मिनिटं उभी राहिले, आवाज ऐकला आणि तिला चोर ठरवून दार ढकलून आत आले. तिने ताटांच्या आवाजातून टाळ्या ऐकल्या होत्या. मी तिच्या तोंडून आईसाठी चाललेल्या मालिकेच्या वर्णनात आईची फसवणूक ऐकली होती. मला तिच्याकडे बघवेना. मीही खाली बसले आणि मटार वेचू लागले.

चहा झाला. मी आईला म्हटलं, ‘उद्या घरी चल. इंजेक्शनला तिथून जवळ पडेल.’

‘नको गं,’ आई म्हणाली. ‘इथे बरी आहे मी. ही सगळं सांगते मला. टीव्हीत कोण आलं, कोण गेलं, साडी कुठल्या रंगाची.’

‘मी सांगेन.’

‘तुला धीर कुठे आहे?’

खरंच नव्हता. एरवी मी हट्ट धरला असता, प्रवासाची कटकट, ताईची शाळा, डॉक्टर, सगळं एकामागून एक मांडून तिला निरुत्तर केलं असतं. त्या संध्याकाळी मी नुसत्या कपबश्या उचलल्या. आई माझ्याकडे येणार नव्हती आणि त्याला मी सोडून दुसरं कोणीही कारण नव्हतं.

तेवढ्यात लेकीने दप्तर उघडलं आणि पुस्तक घेऊन ती कॉटवर चढली. ‘आजी, हे वाच.’

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे. आईने कव्हरवर बोटं फिरवली, कॅलेंडरचा गुळगुळीत कागद ओळखला आणि तिचा चेहरा खुलला. चष्मा नव्हता, तो शोधण्याचं सोंगही तिने केलं नाही. पुस्तक मांडीवर उघडून ती बोलायला लागली. एका जंगलात एक हत्ती होता, तो डॉक्टर होता. पान उलटलं. त्याचा दवाखाना वडाखाली होता. पान उलटलं. ‘आणि मग पहिला पेशंट आला कावळा.’

चित्रात मगर होती. भला मोठा जबडा वासलेली, आणि हत्ती सोंडेत बॅटरी धरून तिच्या दातांत डोकावत होता.

लेकीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलेलं, तक्रार अगदी जिभेवर. आई थांबली. तिने तोंड माझ्याकडे वळवलं, थोडंसं चुकवून, माझ्या कानाच्या बाजूला.

‘चुकलं का गं?’

मगरीचा दात न् दात मला दिसत होता. खाली मोठ्या अक्षरांत ‘मगर’ असं लिहिलेलंही होतं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कावळाच आहे.’

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मगरीकडे पाहिलं. परत माझ्याकडे. मग ती आजीला जास्तच चिकटून बसली आणि मगरीच्या जबड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘आणि आजी, त्याच्या पंखाला लागलंय.’

‘लागलंय ना?’ आई म्हणाली. ‘मग हत्तीने त्याला पट्टी बांधली.’

अशी ती गोष्ट शेवटपर्यंत गेली. तिथून पुढे एकही पान चित्राशी जुळलं नाही. मी प्रत्येक पान बघत होते आणि गप्प होते. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शेवटी आईने पुस्तक मिटलं, कव्हरची दुमडलेली कड सरळ केली आणि ते लेकीच्या हातात दिलं.

‘कावळ्याच्या वेळी माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती,’ ती म्हणाली. ‘बोटांना कळलं मला. म्हटलं, बघू धाकटी काय म्हणते.’

आईने ताईच्या दिशेने हात केला.

‘थोरले,’ ती म्हणाली, ‘माझी बॅग तेवढी माळ्यावरून खाली काढ गं.’